मुद्दल, मोड आणि बंब

माणसाच्या संसारात काही वस्तू अशा असतात, की त्या चालू असेपर्यंत त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पण बंद पडल्या, की घरातल्या प्रत्येकाला त्यांच्याविषयी ठाम मत असते. नवऱ्याची नोकरी ही त्यातली पहिली वस्तू. आमच्या घरातला तांब्याचा बंब ही दुसरी.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बंब गळू लागला. 'बंब गळू लागला' हे वाक्य मी बँकेच्या भाषेत लिहिले आहे. चूक कुणाची, हे कागदावर येऊ नये म्हणून आम्ही वाक्यातला कर्ता गाळतो. 'रक्कम चुकीच्या खात्यात जमा झाली' असे लिहितो. जणू ती आपली आपण चालत तिकडे गेली! कर्त्यासकट हकिगत अशी, की नरकचतुर्दशीच्या पहाटे फजिती नको म्हणून आदल्या दिवशी रंगीत तालीम करावी, असे माझ्या मनात आले. धुराड्यात ढलप्या टाकल्या, करवंट्या टाकल्या, काडी लावली आणि कौतुकाने बघत बसलो. आत पाणी आहे की नाही, एवढेच बघायचे राहिले. दहा मिनिटांनी आतून 'टण्' असा आवाज आला. मी घाबरून वरून बादलीभर पाणी ओतले. ते ज्या घाईने वरून आत गेले, त्याच घाईने खालून बाहेर आले आणि मागच्या अंगणात राखेचा रेंदा झाला.

"रिकामा बंब पेटवलास?" मातोश्री म्हणाल्या. त्यातले 'रिकामा' हे विशेषण बंबाला होते की मला, हे मला अजून कळलेले नाही.

रात्री जेवताना सभा भरली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, फेकून द्या ना ते. म्युझियममध्ये ठेवायची वस्तू आहे." सौ. म्हणाली, "फेकू कशाला? मोडीत घाला. तांब्याला चांगला भाव आहे. त्या पैशांत पंचवीस लिटरचा गीझर येईल, वर धूर नाही, राख नाही, आणि दर दिवाळीला चिंच लावून घासायला नको. अहो, घासते कोण ते?" या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मातोश्री भात कालवीत म्हणाल्या, "मला काय विचारता? तुमचं घर, तुमचा बंब." याचा अर्थ, बंबाला कुणी हात लावाल तर खबरदार.

दुरुस्त करायचे की बदलायचे, या प्रश्नासाठीच खरे म्हणजे मी बी.कॉम. झालो. भांडवली खर्च कोणता, महसुली खर्च कोणता, यावर मी एकेकाळी चौदा गुणांचे उत्तर लिहून नऊ गुण मिळवले आहेत. तेव्हा दुसऱ्या दिवशी बँकेत, ग्राहक नसल्याच्या वेळात, मी बंबाचा घसारा काढला. बंब आजीच्या लग्नातला, म्हणजे १९४६ सालचा. त्याची मूळ किंमत सोयीसाठी १०० रुपये धरली. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने दरसाल १० टक्के घसारा काढत जवळजवळ ८० वर्षे खाली उतरलो, तेव्हा बंबाची पुस्तकी किंमत दोन-सव्वादोन पैसे उरली. या पद्धतीचा एक मोठेपणा आहे. तिच्यात वस्तूची किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. आमच्या पुस्तकांनी म्हाताऱ्या वस्तूंना दाखवलेली ही एवढीच माया.

इकडे मोडवाला मात्र त्या दोन पैशांच्या ऐवजाला हजारांत पैसे द्यायला तयार होता. माझ्या घरात म्हातारपणी भाव वाढलेली ही एकच वस्तू. माझ्याकडे पाहून कुणी तसे म्हणेल, ही आशा मी सोडली आहे.

हिशेब जमेना, तेव्हा मी कारकुनाचा शेवटचा उपाय केला. निर्णय घेता येत नसेल, तर मागील कागदपत्रे मागवावीत. त्यात वेळ जातो आणि काम चालल्यासारखे दिसते. मी बंबाचा इतिहास शोधू लागलो.

पहिला धक्का नावानेच दिला. 'बंब' हा शब्द आपला वाटतो. पण जाणकार तो पोर्तुगीज 'बोंबा'शी जोडतात, आणि बोंबा म्हणजे पाणी उपसायचा पंप. म्हणून तर आग विझवायला येतो तोही बंब आणि पोटात आग घेऊन उभा राहतो तोही बंबच. एकाच नावाने दोन उलट कामे करणारा इसम आमच्या कचेरीतही आहे, म्हणून मला त्याचे फारसे नवल वाटले नाही. पोर्तुगीजांनी कोकणात तोफा आणल्या, किल्ले बांधले, ते बहुतेक गेले. पण पाव, बटाटा, पगार, चावी, तुरुंग आणि बादली हे शब्द मात्र मागे राहिले. म्हणजे पहाटे उठून बादली घेऊन बंबापाशी जाणारा, पाव खाऊन कामाला पळणारा आणि पगाराची वाट पाहणारा मराठी माणूस, अर्धा दिवस नकळत पोर्तुगीजच बोलत असतो.

शब्द परका, वस्तू तरी आपली असेल, म्हणून पुढे गेलो. बंबाची मूळ युक्ती अगदी साधी आहे. चुलीवर भांडे ठेवले की आग बाहेर, पाणी आत. निम्मीअधिक ऊब भिंती तापवण्यात जाते. बंबाने हे उलटे केले. मधोमध उभी नळी, नळीत विस्तव, आणि नळीच्या भोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राख. नळीतली तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी खालून जाळीतून ताजी हवा ओढली जाते, म्हणजे फुंकणीने डोळे लाल करायला नकोत. चाळीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे तर १,६०० किलोकॅलरी लागतात. निम्मी ऊब धुराबरोबर गेली असे धरले, तरी किलोभर कोरड्या लाकडात काम भागते. तेच विजेने करायला दोन युनिटांच्या जवळपास लागतात.

ही युक्ती कुणा एकाची नव्हे. रोमन लोकांच्या घरात 'मिलियारियम' नावाचे पाणी तापवायचे उभे भांडे असे. सेनेका हा तत्त्वज्ञ पहिल्या शतकात लिहिताना सांगतो, की या भांड्यांत पातळ तांब्याच्या नळ्या वेटोळ्यांनी फिरवतात, म्हणजे पाणी त्याच आगीभोवती पुन्हा पुन्हा जाते आणि थोड्या अंतरात तापते. तो निघाला होता जमिनीतून गरम पाण्याचे झरे का येतात हे समजावायला. उदाहरण मात्र त्याला न्हाणीघरातले द्यावे लागले. मोठमोठ्या तत्त्वज्ञांचेही अखेर न्हाणीघराशिवाय चालत नाही. पुढे रशियात तूला या गावी लिसित्सिन बंधूंनी १७७८ साली समोवाराचा कारखाना काढला. समोवार म्हणजे चहाचे पाणी तापवणारा बंबच: मध्ये नळी, नळीत कोळसा, खाली तोटी. फरक इतकाच, की त्यांनी त्या पाण्याचा चहा करून प्यायला आणि आम्ही ते अंगावर ओतून घेतले. थंडी दोघांचीही गेली.

हे सगळे वाचून मी मातोश्रींना सांगितले, "आई, रोममध्येसुद्धा बंब होते." त्या म्हणाल्या, "मग तिथे ते रिकामे पेटवीत होते का?"

मी रोमहून तडक नाशकात परत आलो.

नाशिकचा आणि तांब्याचा संबंध वाटतो त्यापेक्षा फारच जुना. १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक येथे आणि प्रवरेकाठच्या जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्वे हे गाव तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. त्या गावी तांब्याच्या सहा कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरात सहा कुऱ्हाडींमागे एक बांगडी, यावरून घरातला खर्च कुणाच्या हातात होता ते कळते. त्याच नदीच्या काठी दायमाबादला १९७४ साली झाडाचे मूळ खणत असलेल्या एका गावकऱ्याला तांब्याचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. चौघांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. मी मनातल्या मनात लगेच मोडीचा भाव लावून पाहिला आणि माझी मलाच लाज वाटली. तो रथ त्या काळी कुणी मोडीत घातला असता, तर त्याच्या कुऱ्हाडी झाल्या असत्या, आणि आपल्याला फक्त आणखी कुऱ्हाडी मिळाल्या असत्या.

पण माझे खरे डोळे उघडले ते पांडवलेण्यांत. नाशिकच्या माणसाचे पांडवलेण्यांशी नाते साधारण असे असते: शाळेच्या सहलीत एकदा, लग्न ठरल्यावर एकदा आणि पाहुणे आले की दर वेळी. पायऱ्या चढून दम लागतो, लेखांकडे पाहून 'काहीतरी पाली-बिली आहे' असे म्हणायचे आणि शेंगा खात खाली यायचे. मी बँकेत चिकटलो त्याला वीस वर्षे झाली. पण आमच्या धंद्याचे आद्य कागद माझ्या गावातच दगडावर कोरलेले आहेत, हे मला ठाऊक नव्हते.

नहपान राजाचा जावई उषवदात याचा तिथे लेख आहे, काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने लेणे दान केले आणि तिथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली. ठेव कुणाकडे? गोवर्धनातल्या, म्हणजे नाशिकलगतच्या, विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे. एकीकडे २,००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १,०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. मी सवयीने ताळा करून पाहिला. दोन हजारांवर वर्षाचे १२ टक्क्यांनी २४० होतात, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. पै-पैसा जुळला! दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा ताळेबंद बरोबर आला, हे पाहून माझा ऊर भरून आला. आमचा मार्चअखेरचा पहिल्या फटक्यात कधी जुळलेला नाही.

पुढे लेखात म्हटले आहे, की हे मुद्दल परत द्यायचे नाही. फक्त व्याज वापरायचे. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, फलकावर नोंदवला. म्हणजे पासबुकही भरून दिले. 'आज मशीन बंद आहे' असे म्हणाले नाहीत.

त्याच लेण्यांत पुढे तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळी, आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेवी ठेवलेल्या आहेत. त्या ठेवी सांभाळणारे कोण? कुंभार, तेली आणि 'ओदयंत्रिक', म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे! बंबवाल्यांचे हे पूर्वज म्हणावेत की नाही, ते पंडितांवर सोपवतो. मी मात्र मनातून मान्य करून टाकले. आणि जुन्नरच्या लेण्यांत तर सरळ 'कासाकार', म्हणजे काशाची भांडी घडवणारे, यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा लेख आहे. आज तांबट कर्ज मागायला आला, तर आम्ही त्याला दोन जामीनदार विचारतो. एकेकाळी लोक त्याच्या भाऊबंदांकडे पैसे ठेवून निर्धास्त झोपत होते.

आता आमचा बंब कसा आहे ते सांगतो. काही बंबांना खाली तोटी असते. सोडली की पाणी येते आणि बंब रिता होतो. आमचा बंब दुसऱ्या जातीचा. त्याच्या एका खांद्यावर वाटीसारखे तोंड आहे. त्यात गार पाणी ओतले की ते आतल्या नळीने थेट तळाशी जाते आणि वर जमलेले गरम पाणी पलीकडच्या चोचीतून बाहेर पडते. तांब्याभर गार घालावे, तांब्याभर गरम घ्यावे. सगळ्यांची अंघोळ झाली तरी बंब काठोकाठ भरलेलाच. मुद्दल आत, व्याज बाहेर! ही साक्षात अक्षयनीवी मागच्या अंगणात उभी होती आणि मी बी.कॉम. होऊन तिचा घसारा काढीत होतो. आणि मी केलेला गुन्हाही मला आता नीट कळला. मी मुद्दल न ठेवता खाते पेटवले होते. तांबे वितळायला १,०८५ अंश लागतात. पण सांध्याला दिलेला कथील-शिशाचा डाग दोनशेच्या आतबाहेरच पाघळतो. पाणी आत असते तोवर ते शंभराच्या वर जाऊ देत नाही, म्हणून डाग टिकतो. पाणी नसेल तर बंब रागावतो, आणि त्याचा राग नेमका जोडावर निघतो. एकत्र कुटुंबातही असेच होते.

नरकचतुर्दशीला आम्ही गीझरच्या पाण्याने न्हालो. खरे सांगायचे तर पाणी चांगले कढत होते, कुणाची काही तक्रार नव्हती. आणि गीझर तरी कुठे परका? त्याचे नाव आइसलंडमधल्या 'गेसिर' या उसळत्या गरम झऱ्यावरून आलेले. लंडनच्या बेंजामिन मॉघन नावाच्या रंगकाम करणाऱ्या माणसाने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले, त्याला त्याने हे नाव दिले. पण त्याला धुराडे ठेवायला तो विसरला, त्यामुळे ते यंत्र न्हाणाऱ्याला स्वच्छ करता करता कायमचे शांतही करू शकत होते. १८८९ साली अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रूड या नॉर्वेजियन इंजिनिअरने आपोआप चालणारा, पाणी साठवणारा गीझर केला आणि माणूस जरा सुरक्षित झाला. आजही बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर घात करतो, हे वर्तमानपत्रांत आपण वाचतोच. आपल्या पूर्वजांनी बंब मागच्या अंगणात ठेवला, तो मागासलेपणामुळे नव्हे. निखाऱ्याचा धूर घरात नको, एवढे त्यांना कळत होते.

सगळ्यांच्या मागून मातोश्री न्हाल्या. नंतर पाहतो तर फुटक्या बंबाला त्यांनी हळदकुंकू वाहिले होते, झेंडूचे फूल ठेवले होते आणि भोवती चार बोटे रांगोळी ओढली होती. आजारी माणसाला सणाच्या दिवशी नवा सदरा घालावा तसे.

भाऊबीज झाल्यावर मी बंब रिक्षात घालून जुन्या नाशकात, तांबट लेनमध्ये नेला. या गल्लीची ओळख नाशिककराला डोळ्यांआधी कानांनी व्हायची. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल १८८३ च्या सरकारी गॅझेटियरानेही घेतली आहे. पंचवटीला आलेला यात्रेकरू गंगाजळाची लोटी घेतल्याशिवाय परतत नसे, (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणायचे, ही इथली पद्धत) आणि लग्नघरातली हंडे, घंगाळे, तपेली आणि बंब इथूनच जायचे. मग स्टेनलेस स्टील आले. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारे पोलाद शोधता शोधता न गंजणारे पोलाद काढले, आणि पन्नाससाठ वर्षांनी त्यापायी मराठी घरांच्या फडताळांतली पितळ वजनावर बाहेर पडली. कल्हईचा खर्च नाही, चिंचेची कटकट नाही. बायकांनी ते आनंदाने केले, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार ज्यांनी आयुष्यात एक घंगाळ घासलेले नाही, त्या आम्हांला नाही.

आता गल्लीत ठोक्यांचा आवाज ऐकायला थांबावे लागते. तांबट नावाचा एक पक्षी आहे. उन्हाळ्यात झाडावर बसून 'टुक् टुक्' करीत तांब्यावर हातोडी मारल्यासारखा ओरडतो, म्हणून त्याला ते नाव. हल्ली गंगापूर रोडच्या झाडांवर तो जास्त ऐकू येतो.

ज्यांच्याकडे गेलो ते काका सत्तरीचे असावेत. त्यांनी बंब आडवा केला, नळीत बॅटरी मारली, बोटाच्या पेराने चारी बाजूंनी वाजवून पाहिला. डॉक्टर पाठ वाजवतात तसा. मग म्हणाले, "साहेब, रिकामा पेटवला?"

मी म्हटले, "पेटला गेला."

"हां. पेटला गेला." ते गंभीरपणे म्हणाले. त्यांचाही बँकेशी संबंध आलेला असावा.

निदान असे निघाले: डाग गेला हे निमित्त; पण मधली नळी राखेने आणि ओलीने खाल्ली होती, तळ पातळ झाला होता, क्षाराचा थर बोटभर होता. नळी नवी, तळ नवा, जाळी नवी, वाटीचे तोंड नवे. सांधे पितळेने झाळून घ्यायचे, म्हणजे पुन्हा चूक झाली तरी इतक्यात उलायचे नाहीत. मग अंगाचा पत्रा राहिला. "तोही थकलाय," काका म्हणाले. "मी खरं सांगू का? एवढं सगळं करण्यापरीस मोड द्या, वजनाला वजन धरू, घडणावळ भरा आणि नवा न्या. स्वस्त पडंल."

माझ्यातल्या बी.कॉम.ला हायसे वाटले. दुरुस्तीचा खर्च बदलीच्या खर्चाहून जास्त असेल, तर बदलावे. पुस्तकात असेच आहे. आणि शिवाय नळी नवी, तळ नवा, पत्राही नवा, तर आजीचा बंब असा उरला काय? मी 'हो' म्हणणार, तोच काकांनी बंब उलटा फिरवून पाठीमागची बाजू चिंचेच्या चोथ्याने घासायला घेतली. ही बाजू कायम भिंतीकडे. भांड्याची भिंतीकडची बाजू घासायची नाही, हा घराघरातला अलिखित नियम आहे. काजळी गेली तशी ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे दिसू लागली. काकांनी चष्मा वर सरकवून वाचले: एक बाईचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, आडनाव, आणि खाली 'शके १८६८, वैशाख'.

"कुणाचं हो हे?" काकांनी विचारले.

मला सांगता येईना. ते आडनाव आजीच्या माहेरचे होते. पण नाव तिचे नव्हते. मी मातोश्रींना फोन लावला. त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिचंच आहे. लग्नाआधीचं."

आपल्याकडे लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहायचे, की जुने पुसले जायचे. आडनाव तर जायचेच, पण पाळण्यात ठेवलेले नावही जायचे. आजीच्या रेशनकार्डावर, मतदारयादीत, पेन्शनच्या कागदावर, शेवटच्या दाखल्यावरही सासरचेच नाव. पण रुखवताचा बंब घडवून, त्यावर नाव घालून आणला होता तिच्या वडिलांनी, लग्नाच्या आधी. तेव्हा तांदूळ अजून पोत्यातच होते. सोळा वर्षे ज्या नावाने तिला हाका मारल्या, ते जगात फक्त एका जागी लिहिलेले उरले होते, आणि मी त्याचा भाव किलोवर काढीत होतो.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"अरे, घासायचे कोण ते?" मातोश्री म्हणाल्या. "त्यांनीच मला एकदा दाखवलं होतं. म्हणाल्या, आहे ते असू दे, भिंतीकडेच असू दे. कुणाला बोलायला कारण नको."

मी फोन ठेवला. घासते कोण, हा प्रश्न आमच्या घरात दुसऱ्यांदा आला होता, आणि या वेळी त्याला उत्तर होते. काका माझ्याकडे पाहत होते. मी म्हटले, "नळी बदला, तळ बदला, काय लागेल ते बदला. अंगाचा पत्रा ठेवा."

"थकलाय म्हटलं ना."

"थकू द्या."

त्यांनी पुन्हा एकदा अक्षरांवरून अंगठा फिरवला. "ठोका हातानंच घातलाय," ते म्हणाले. "इथलाच असंल कुणी. आमच्या वडिलांच्या वेळचा." मग पत्र्याला आतून आधार देता येईल, तांब्याच्या पट्ट्या बसवता येतील, असे काहीसे ते स्वतःशीच बोलू लागले. त्यांचा मुलगा अंबडला कारखान्यात जातो. हे काम शिकायला घरात कुणी नाही, हे त्यांनी मला सांगितले, तक्रार म्हणून नव्हे, उशीर का होईल याचे कारण म्हणून. मी त्यांना 'आमच्याकडे कारागिरांसाठी कर्जाची योजना आहे' असे सांगणार होतो, पण जामीनदारांची आठवण झाली आणि गप्प बसलो.

महिन्याभराने बंब परत आला. निफाडकडची थंडी नाशकात उतरली होती. नळी नवी, तळ नवा, आणि मधे तेच जुने, ठोकून ठोकून पुन्हा कडक झालेले अंग. तांब्याचा हा एक गुण आहे. तापवून विझवले की ते मऊ होते, आणि जितके ठोकावे तितके टणक होते. रोज आम्ही गीझरच वापरतो. मी उगाच साधुत्वाचा आव आणत नाही. पण रविवारी बंब पेटतो. पाणी आहे की नाही, हे आता घरातली चार माणसे चार वेळा पाहतात आणि चारही वेळा माझ्याकडेही पाहतात. मातोश्रींनी बंब मांडताना एकच बदल केला. पाठ पुढे केली. आता ते नाव अंगणाकडे तोंड करून आहे, आणि दर आठवड्याला त्यावर चिंचेचा हात फिरतो. तो हात कधी मातोश्रींचा असतो, कधी सौ.चा, आणि एकदा, माझ्या डोळ्यांदेखत, चिरंजीवांचाही होता. ते नाव मी इथे लिहीत नाही. पाहायचे असेल त्याने एखाद्या रविवारी घरी यावे, न्हाऊन जावे.

बिल नव्या गीझरपेक्षा बरेच जास्त झाले. महिनाअखेरीला सौ. घरखर्चाची वही पुढे ओढून म्हणाली, "अहो, ही रक्कम कुठल्या खात्यात लिहू? दुरुस्ती, की खरेदी?"

मी थोडा विचार केला. भांडवली म्हणावे तर नवे काही आले नाही. महसुली म्हणावे तर इतका महसूल आमच्या घरात नाही.

"मुद्दलात लिही," मी म्हटले.